प्राथमिक वर्गात प्रार्थना आणि सेवा जोडीने कशी चालवावी

दुसरीच्या वर्गात सकाळची प्रार्थना संपली होती. मुलं खाली बसत होती आणि एक मुलगा उभाच राहिला. म्हणाला, "बाई, आपण रोज गरिबांसाठी प्रार्थना करतो ना, त्यांची नावं काय आहेत?" मला शिकवायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. रोजची प्रार्थना मीच लिहून दिलेली: गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी. त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे "कोणासाठी", उजवीकडे "आपण काय केलं". त्याला आता चोवीस वर्षं झाली. वह्या संपल्या, वर्ग बदलले, रकाने तेच आहेत. आमच्यासारख्या कॅथलिक प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना मी पहिल्या आठवड्यात ही वही दाखवते. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे. वहीचा नियम एकच आहे. ज्याच्यासाठी वर्गाने प्रार्थना केली, त्याच्यासाठी त्याच आठवड्यात काहीतरी करायचं. आणि ज्याच्यासाठी काही केलं, त्याचं नाव पुढच्या आठवड्याच्या प्रार्थनेत आलंच पाहिजे.

ही जोडी मी शोधलेली नाही. १८४३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी मुलांकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या: रोज एक "नमो मारिया" ही मरियेची छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक छोटं नाणं, दूरदेशीच्या मुलांसाठी. मुलांनी मुलांसाठी चालवलेलं ते काम आजही जगभर सुरू आहे. त्यांनी नुसती प्रार्थना मागितली असती तर मुलं विसरली असती आणि नुसतं नाणं मागितलं असतं तर ती वर्गणी झाली असती, असं मला नेहमी वाटतं.

कोपरा मांडताना

वर्गात एक छोटं टेबल पुरतं. उंची मुलांच्या छातीपर्यंत, त्याहून वर नको. टेबलावर चर्चच्या वर्षाप्रमाणे कापड बदलायचं: आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जांभळं, नाताळात आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनचे आठवडे) पांढरं, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल, एरवी हिरवं. कापडावर बायबल, क्रूस, मेणबत्ती आणि ती वही. एवढंच. मूर्ती, प्लास्टिकची फुलं, झिरमिळ्या यांनी टेबल भरून टाकलं की चौथ्या दिवसापासून ते कोणाला दिसेनासं होतं. मेणबत्ती मोठ्या माणसानेच पेटवायची, आणि ती जळत असेपर्यंत टेबलाजवळून हलायचं नाही. वर्ग दाटीचा असेल तर सेलवरची मेणबत्ती लावा, प्रार्थनेत काही कमी होत नाही.

दर आठवड्याला दोन मुलं कोपरा सांभाळतात. कापड झटकायचं, बायबल त्या दिवसाच्या पानावर उघडून ठेवायचं, वहीत नाव लिहायचं. हे काम गुणी मुलांना बक्षीस म्हणून देऊ नका. "याच्या हातात वस्तू टिकत नाही" अशी ज्याची ख्याती, त्याला सुरुवातीलाच द्या. तोच मुलगा बायबलचं पातळ पान उलटताना श्वास रोखून धरतो, हे मी दर वर्षी पाहते.

सकाळची पाच मिनिटं

आधी शांतता, मग शब्द. मारिया मॉन्टेसरी यांनी लहान मुलांसाठी शांततेचा एक खेळ बसवला होता: अजिबात हलायचं नाही, आजूबाजूचे आवाज ऐकायचे, आणि कोणी कुजबुजत आपलं नाव घेतलं की पाय न वाजवता उठून जायचं. जूनमधले पहिले पंधरा दिवस मी हा खेळच घेते, प्रार्थना नंतर. पहिलीला वीस सेकंदांपासून सुरू करा. चौथीची मुलं वर्षअखेरीस एक मिनिट सहज बसतात. "गप्प बसा" हे शब्द मात्र या वेळेत तोंडातून काढायचे नाहीत. ज्या शांततेसाठी ओरडावं लागलं, तिच्यात मूल देवाची वाट पाहत नाही, तुमचा राग ओसरण्याची वाट पाहतं.

मग क्रूसाची खूण, सावकाश. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. घाईत केलेली खूण माशी हाकलल्यासारखी दिसते, आणि मुलं ती आपल्याकडूनच उचलतात. मग शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेतलं, एक वाक्य. उतारा नको, एकच वाक्य. ते दोनदा वाचायचं. मग वहीतली नावं, मुलांच्या विनवण्या, आणि शेवटी एक पाठ असलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

पाठ प्रार्थनांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपण तिथेच सगळ्यात गाफील असतो. माझ्या वर्गात एक मुलगा "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना शेवटाकडे आला की डोळे गच्च मिटायचा, खांदे वर घ्यायचा. मला वाटायचं, किती भक्तीने म्हणतो. एकदा मी मुलांना प्रार्थनेतल्या आवडत्या ओळीचं चित्र काढायला सांगितलं. त्याने झाड काढलं, झाडाला मधमाश्यांचं भलंमोठं पोळं, आणि खाली पळणारा मुलगा. "आम्हाला मोहात पडू देऊ नकोस" ही ओळ तो दीड वर्षं "आम्हाला मोहोळात पडू देऊ नकोस" अशी म्हणत होता. त्याला मधमाशी चावली होती, आणि देवाने आपल्याला त्यातून वाचवावं असं तो रोज मनापासून मागत होता. मी त्याला "मोह" समजावून सांगितला: जे करू नये हे माहीत असतं, तरी हात तिकडे जातो, तो मोह. तो म्हणाला, "म्हणजे ताईच्या कंपासपेटीसारखं." अगदी बरोबर. पण मधमाश्यांसाठीचं मागणंही मी काढून टाकायला सांगितलं नाही, ते वेगळं मागायला सांगितलं.

तेव्हापासून मी महिन्याला एक पाठ प्रार्थना घेते आणि ओळीओळीने चित्रं काढून घेते. तुम्हीही घ्या. कोणत्या शब्दाशी मूल अडलं आहे, ते तोंडी परीक्षेत कळत नाही, चित्रात कळतं.

मुलांच्या स्वतःच्या विनवण्या

"कोणासाठी प्रार्थना करायची?" असं विचारलं की पहिले काही दिवस मांजर, परीक्षा आणि क्रिकेटची मॅच येणार. येऊ द्या. हसू नका, दुसऱ्या मुलांना हसू देऊ नका, आणि "याहून मोठं काही सांग" असंही म्हणू नका. मांजरासाठी केलेली प्रार्थना गंभीरपणे घेतली गेली, हे मुलाने पाहिलं की काही आठवड्यांनी तेच मूल म्हणतं, "माझ्या पप्पांना नोकरी लागू दे."

आणि इथे सावध राहायचं. वर्गासमोर अचानक जड गोष्ट बाहेर येते: घरातली भांडणं, मारहाण, कोणाचं दारू पिणं. त्या क्षणी प्रश्न विचारायचे नाहीत. "देवा, तिच्या घरी शांती दे" एवढं म्हणून पुढे जायचं आणि त्याच दिवशी मुलाशी बाजूला बोलायचं. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांना, नाहीतर मुख्याध्यापकांना, त्याच दिवशी सांगायचं. प्रार्थनेत ऐकलं म्हणून ते गुपित ठरत नाही. लाजऱ्या मुलांसाठी मी एक चिठ्ठ्यांची पेटी ठेवते. चिठ्ठ्या आधी मी एकटी वाचते, कोणती मोठ्याने वाचायची ते ठरवते, आणि उरलेल्यांसाठी "ज्या गोष्टी फक्त देवाला माहीत आहेत, त्यांसाठी" असं म्हणते. ज्याने लिहिली त्याला बरोबर कळतं. मान वर होते आणि पुन्हा खाली जाते.

प्रार्थना करूनही आजोबा गेले, तर? हे होतंच. तिसरीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "आपण नीट म्हटली नव्हती का?" अशा वेळी काय बोलायचं नाही ते आधी पक्कं करा. "देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून तो घेऊन गेला" हे बोलायचं नाही. मूल घरी जाऊन आजीकडे भीतीने बघत बसतं. "प्रार्थना कमी पडली" हे तर स्वप्नातही नको. मी तिला योहानच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं छोटं वाक्य वाचून दाखवलं: येशू रडला. त्याचा मित्र लाझरस गेला होता. येशूला जर रडू आलं, तर आपल्यालाही येणारच, आणि तो आपल्या शेजारी बसून रडतो, एवढंच मी म्हटलं. त्या आठवड्यात वर्गाने तिच्यासाठी काय केलं ते वहीत आहे: रोज एकेकाने तिच्याबरोबर डबा खाल्ला. नोव्हेंबर महिना तर दिवंगतांच्या स्मरणाचाच. तेव्हा आम्ही कागदाच्या पानांवर नावं लिहून एका वाळक्या फांदीला बांधतो. शिक्षकांनीही आपली माणसं बांधावीत. मी माझ्या आईचं नाव बांधते आणि मुलं ते वाचतात.

इतर धर्मांची मुलं

जवळपास प्रत्येक कॅथलिक शाळेत ती असतात, कुठे निम्म्याहून जास्त. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये. वर्गात याचा अर्थ असा: क्रूसाची खूण करायला लावायची नाही, आणि न करणाऱ्याकडे रोखून पाहायचंही नाही. वर्ष सुरू होताना पालकांना बोलावून आपण सकाळी काय म्हणतो, काय करतो ते दाखवा आणि त्यांना काय चालेल ते विचारा. बहुतेक पालक विचारल्यानेच निश्चिंत होतात.

ही मुलं प्रार्थनेच्या वेळी नुसती बसून राहावीत असं मात्र मला वाटत नाही. शांतता सगळ्यांची आहे. वहीतली नावं वाचणं सगळ्यांचं आहे. विनवणी ज्याने त्याने आपल्या घरच्या शब्दांत करावी. आणि सेवेत तर फरकच उरत नाही. माझ्या वर्गात सलग तीन वर्षं वही सगळ्यात नेटकी ठेवणारी मुलगी ख्रिस्ती नव्हती, आणि आजारी वर्गमित्राचं नाव एकदा लिहायचं राहिलं तेव्हा तीच माझ्याशी भांडली होती.

वर्षाच्या वाटेवर

सगळे सण सविस्तर सांगत नाही, तुमच्या धर्मगुरूंकडे दिनदर्शिका असते. मला उपयोगी पडलेल्या तीन-चार गोष्टी फक्त सांगते.

ऑक्टोबरात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना. लहान मुलांना पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) एका बैठकीत म्हणायला लावू नका. एकच दशक घ्या. दहा मणी, वहीतली दहा नावं, प्रत्येक मण्याला एक. मुलांना मणी संपला की पुढचा माणूस दिसतो, आणि कंटाळा यायच्या आत दशक पुरं होतं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मुलांबरोबर असेल तर फादरांशी आठवडाभर आधी बोला. मुलांच्या मिस्सांसाठी रोमने १९७३ मध्ये खास मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यानुसार वाचनं मुलांना फार जड असतील तर कमी करता येतात, शुभवर्तमान मात्र वगळायचं नाही. धर्मगुरूंना मुलांच्या भाषेत बोलणं अवघड वाटत असेल, तर त्यांच्या संमतीने शुभवर्तमानानंतर दुसऱ्या मोठ्या माणसालाही मुलांशी बोलता येतं. ही मुभा फार कमी शाळा वापरतात.

आगमनकाळात गव्हाणी. आसिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्यो गावी खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून लोकांना बेथलेहेम दाखवलं. आम्ही पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी रिकामी गव्हाणी मांडतो आणि शेजारी गवताच्या काड्यांची टोपली. कोणासाठी काही चांगलं केलं की एक काडी आत ठेवायची, बाळाला निजायला मऊ व्हावं म्हणून. काय केलं ते कोणी विचारायचं नाही, शिक्षकाने तर नाहीच. एका वर्षी एका मुलाने मूठभर काड्या एकदम ठेवल्या आणि बाकीचे ओरडले, "खोटं!" मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळा भरण्याआधी आला आणि काही काड्या मोजून परत टोपलीत टाकल्या. सात ठेवल्या. त्या सात कशाच्या, ते मला आजही माहीत नाही.

आणि उपवासकाळ. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात, मत्तयच्या सहाव्या अध्यायात, तीन गोष्टी एका दमात येतात: दान, प्रार्थना, उपवास. तिन्ही गुपचूप करायच्या. मुलांच्या बाबतीत उपवासाचा अर्थ नीट लावा. चर्चच्या कायद्याप्रमाणे उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि मांस वर्ज्य करण्याचं चौदा पूर्ण झाल्यावर. प्राथमिकच्या मुलाने डबा टाकायचा नाही, आणि कोणी टाकलाच तर त्याचं कौतुक करायचं नाही. त्याने सोडायचं ते त्याच्या मालकीचं: खेळातला पहिला नंबर, खिडकीजवळची जागा, चिडवायचं एखादं नाव. शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

सेवा: आधी विचारा, मग द्या

दयेची सात शारीरिक कार्यं चर्चच्या परंपरेत आहेत: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, निराश्रिताला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट, मृताचं दफन. पहिली सहा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातून आली आहेत, सातवं बायबलमधल्या, मृतांना पुरणाऱ्या तोबितच्या गोष्टीची आठवण करून देतं. ही यादी मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, "यातलं आपल्या वर्गात काय करता येईल?" तुम्ही उत्तरं आधी सांगू नका. आमच्या चौथीने "बंदिवान" या शब्दावर बराच वेळ विचार केला. मग एकाने सांगितलं, "ज्याला शिक्षा म्हणून वेगळं बसवतात, तो." त्यानंतर शिक्षा संपली की दोन मुलं जाऊन त्याला आपल्यात घेऊन यायची. मी त्या वर्षापासून वेगळं बसवणंच कमी केलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये या यादीत सृष्टीची निगा जोडण्याचं सुचवलं, म्हणून गळका नळ आणि अंगणातली रोपंही आमच्या वहीत आहेत.

शाळेबाहेर काही करायचं तर आधी तिथल्या माणसांना ओळखणाऱ्या कोणालातरी विचारा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेदेरिक ओझानाम यांना विरोधकांनी डिवचलं होतं: तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं? त्यांनी मित्रांना घेऊन संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाची संस्था उभी केली, पण आधी ते गेले सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे. तिथल्या गरीब वस्तीतलं घरन् घर सिस्टरांना ठाऊक होतं. कोणाकडे जायचं, काय न्यायचं, हे त्या तरुणांना सिस्टरांनी शिकवलं. आपण नेमकं हेच टाळतो. आपल्याला जे द्यायला सोयीचं, ते आपण गोळा करतो.

माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिथे उपवासकाळात धान्य आणि कपड्यांचं संकलन व्हायचं. वर्गावर्गात स्पर्धा. परिपाठात रोज आकडे वाचले जायचे आणि माझा वर्ग पुढे होता. शेवटच्या शुक्रवारी सभागृहात वाटपाचा कार्यक्रम. मुलांनी मंचावर उभं राहून पिशव्या द्यायच्या, गरजू कुटुंबांनी रांगेत येऊन घ्यायच्या. मी फोटो काढत होते. कॅमेऱ्यातून पाहताना रांगेत माझ्याच वर्गातली एक मुलगी दिसली, आईचा हात धरून. तिच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा मंचावर पिशवी घेऊन उभा होता. त्याने तिला पाहिलं, हसून हात हलवला, आणि तिने आईच्या पदरामागे तोंड लपवलं. त्या कुटुंबाचं नाव यादीत आहे हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. पण मी तरी कुठे विचारलं होतं? सोमवारी ती आली नाही. आली ती पुढच्या गुरुवारी, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्यानंतर माझ्या हाताखाली जे संकलन होतं त्यात स्पर्धा नसते, आकडे नसतात, फोटो नसतो. वस्तू एका खोलीत ठेवलेल्या खोक्यात जातात, कोणी काय टाकलं ते दिसत नाही, आणि काही न टाकताही मूल खोलीत जाऊन येऊ शकतं. म्हणून सगळा वर्ग एकेक करून जातो. पोहोचवण्याचं काम मोठी माणसं करतात, शाळेच्या वेळेबाहेर. तुमच्या प्रत्येक वर्गात देणारं मूल आणि घ्यावं लागणारं मूल एकाच बाकावर बसलेलं आहे, असं धरूनच आखणी करा. संत निकोलस यांची ६ डिसेंबरला मुलांना सांगायची कथाही हीच आहे: तीन मुलींच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकायला ते रात्रीच्या अंधारात गेले, त्या घराला खाली पाहावं लागू नये म्हणून.

आणखी एक. मुलाने आईबाबांच्या पाकिटातून आणलेलं दान हे आईबाबांचं दान. मुलांना योहानच्या सहाव्या अध्यायातला तो मुलगा दाखवा, ज्याच्याजवळ सातूच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. ते त्याच्याजवळचं होतं. म्हणून मी मुलांकडे वेळ मागते, हाताने केलेलं काहीतरी मागते, नाहीतर त्यांच्या खेळण्यांतलं एक, जे अजून आवडतं. मोडकं खेळणं परत घरी पाठवते.

वृद्धाश्रमात जाताना

वर्षातून चार भेटी, त्याच एका ठिकाणी. चार ठिकाणी एकेकदा नको. एका वेळी आठ मुलं, वीस-पंचवीस मिनिटं. पालकांची लेखी परवानगी आणि पुरेसे शिक्षक हे तर हवंच. आदल्या दिवशी वर्गात सराव घ्या: समोर खुर्चीत बसायचं, उभं राहून वरून बोलायचं नाही, आपलं नाव मोठ्याने आणि सावकाश सांगायचं, एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचं. नाच-गाण्याचा कार्यक्रम मी बंद केला. त्यात मुलं मुलांकडेच बघतात. "पुन्हा येऊ" हे तारीख ठरली असेल तरच म्हणायचं, कारण तिथली माणसं तारखा मोजतात.

पहिल्या भेटीत एका मुलीने एका आजींना स्वतः केलेलं कार्ड दिलं. आजी काही बोलल्या नाहीत. चष्मा लावला, कार्ड वाचलं, उशाजवळचं पेन घेतलं आणि "आशिर्वाद" मधली पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली. कार्ड परत मुलीच्या हातात. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मुलगी बसमध्ये जवळजवळ रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रार्थनेत आजींचं नाव घेतलं, आणि मुलीने स्वतःच ठरवलं की पुढच्या भेटीत शुद्धलेखनाची वही न्यायची. वर्ष संपेपर्यंत आठही मुलं आपापल्या वह्या आजींकडे तपासायला देत होती आणि त्या खाली तारीख घालून सही करत होत्या. वहीत उजव्या रकान्यात काय लिहायचं, यावर वर्गात बराच वाद झाला. आपण आजींसाठी काही केलं, की त्यांनी आपल्यासाठी? शेवटी मुलांनी मधली रेघ खोडली आणि दोन्ही रकान्यांवर मिळून लिहिलं: "शुद्धलेखन".

शुक्रवारची शेवटची पाच मिनिटं

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी दिवसाकडे मागे वळून पाहायची पाच टप्प्यांची पद्धत दिली. लहानांसाठी मी तीन प्रश्न ठेवले आहेत. या आठवड्यात कशासाठी "थँक्यू" म्हणायचं? कोणाला "सॉरी" म्हणायचं राहिलं? सोमवारी कोणाकडे लक्ष द्यायचं? उत्तरं मनात. डोळे मिटायची सक्ती नाही. मग वही उघडायची, या आठवड्याची नावं वाचायची आणि उजवा रकाना भरायचा. रिकामा राहिला असेल तर रिकामा ठेवायचा. शिक्षकाने तो गुपचूप भरू नये. याला गुण देऊ नका, प्रगतिपुस्तकात लिहू नका, "सर्वात दयाळू विद्यार्थी" असा फलक तर लावूच नका.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्यायची. मुलांनाही बरोबर घेऊन जा. ज्या नावांपुढचा रकाना रिकामा आहे, ती नावं त्या शिक्षकांसमोर एकेक करून वाचायची, आणि त्यांना पेन्सिलीने त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला सांगायचं.